नमनाला घडाभर तेल

आपल्या भाषेने आरंभ करणाऱ्या माणसाला फारसे मायेने वागविलेले नाही. जो मोठ्या उत्साहाने कामाला हात घालतो आणि मध्येच ते टाकून देतो, त्याला ती ‘आरंभशूर’ म्हणून हिणविते. पहिल्याच घासाला विघ्न आले, की ‘प्रथमग्रासे मक्षिकापातः’ असे म्हणून ती हसते. आणि मुख्य गोष्ट बाजूला ठेवून जो पाल्हाळ लावून बसतो, त्याच्यासाठी ‘नमनाला घडाभर तेल’ ही म्हण तिच्याजवळ सदैव तयार असते. परंतु हीच भाषा कोणत्याही कार्याच्या सुरुवातीला ‘श्रीगणेशा’ म्हणते, ‘ॐ नमः सिद्धम्’ या वंदनातून तिने ‘ओनामा’ हा गोड शब्द घडविला आहे, आणि मुलाच्या हाती प्रथम पाटी देताना ती त्या पाटीची पूजा करावयास लावते. एवढा मान आणि एवढी थट्टा एकाच गोष्टीच्या वाट्याला यावी, याचा अर्थ उघड आहे. आरंभ ही गोष्ट सोपी नाही.

निबंधाच्या वह्या तपासताना मला हे नित्य जाणवते. वहीतील मधला मजकूर पुष्कळदा चांगला असतो, शेवटही बरा साधलेला असतो. पण पहिला परिच्छेद मात्र सगळ्या वर्गाने एकाच साच्यातून काढलेला असतो. मोपाच्या सड्यावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला, ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पेडणे तालुक्यातील मुलांच्या डोळ्यांसमोर घडलेली ही केवढी मोठी घटना! म्हणून मी ‘आमच्या तालुक्यातील विमानतळ’ हा विषय दिला. वह्या आल्या. निम्म्याहून अधिक वह्यांतील पहिले वाक्य होते : ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे.’ हे वाक्य खोटे नाही. परंतु ते विमानतळाला जितके लागू पडते, तितकेच पिठाच्या गिरणीलाही लागू पडते. जे वाक्य कोणत्याही निबंधाच्या माथ्यावर बसू शकते, ते कोणत्याच निबंधाचे नसते.

त्याच गठ्ठ्यात एका मुलाची वही होती. अक्षर वेडेवाकडे, ऱ्हस्वदीर्घाची दाणादाण. पण त्याने सुरुवात केली होती ती अशी : ‘आमच्या आजीला आता तारा कोणता आणि विमान कोणते ते ओळखता येत नाही.’ मी तांबडी लेखणी खाली ठेवली आणि पुढे वाचू लागले. या एका वाक्यात आजी होती, अंगणातील काळोख होता, बदललेले आभाळ होते. आणि मुख्य म्हणजे, पुढे काय, हा प्रश्न माझ्या मनात उभा राहिला होता. चांगल्या आरंभाचे सारे लक्षण एवढ्यातच आले.

मग इतर मुलांना आजी नव्हती काय? अंगण नव्हते काय? होते. परंतु आमच्या मुलांची एक अडचण आहे आणि ती मी स्वतः कोंकणी बोलणारी असल्यामुळे आतून जाणते. आमचे घर कोंकणीत चालते. भूक, राग, कौतुक, काजूच्या बागेतील गमती आणि शेजारच्या घरातील गजाली, या साऱ्या कोंकणीत घडतात. शाळेची वही मात्र मराठीत असते. तेव्हा कोरे पान समोर आले, की मुलाला वाटते, येथे आता पुस्तकी बोलले पाहिजे. घरचे अनुभव तो उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि कोणाचा तरी इस्त्री केलेला सदरा अंगावर चढवावा तसे एक उसने वाक्य पहिल्या ओळीत चढवितो. दोन पाने लिहून झाल्यावर त्याचा संकोच गळतो आणि मग कोठे त्याची स्वतःची गोष्ट सुरू होते. म्हणजे खरा आरंभ वहीत असतोच. तो फक्त आपल्या जागेवर नसतो.

वास्तविक, आरंभ कसा करावा हे आपल्या गावांना कोणी बाहेरून शिकवावयास नको. पेडणे-डिचोलीकडच्या कोणत्याही देवळात गाऱ्हाणे घातले जाताना ऐका. बोलणारा प्रथम देवाला हाक मारतो. मग कोण कोण जमले आहेत ते सांगतो. कोणते कार्य योजिले आहे ते सांगतो. त्यातून काय पदरी पडावे, हे मागणे मांडतो. आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी एका आवाजात ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ देतात. चार वाक्यांत सगळी सभा त्या कार्यात सामील होऊन जाते.

आता शास्त्रांकडे वळा. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी ग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्यात असा दंडक घातला होता. त्याला ते अनुबंधचतुष्टय म्हणत. विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध या त्या चार गोष्टी. ग्रंथ कशाविषयी आहे, तो वाचून काय लाभेल, तो कोणासाठी आहे, आणि ग्रंथाचे त्या विषयाशी नाते काय, हे वाचकाला आधी कळले पाहिजे. न कळले तर त्याने आपला वेळ का द्यावा? गावच्या गाऱ्हाण्याने आणि विद्वानांच्या ग्रंथाने एकमेकांना न विचारता जवळजवळ तीच रीत धरली आहे, हे पाहून मला मोठा आनंद वाटतो. ऐकणाऱ्याविषयीचा आदर हे दोहोंचे मूळ आहे.

आता त्या घडाभर तेलाकडे येऊ. कोणी ‘धडाभर तेल’ असाही पाठ सांगतात. धडा हे जुने वजन. कसेही म्हटले तरी अर्थ एकच. मशालीच्या उजेडात रात्रीचे खेळ होत, त्या काळी नमनातच तेल संपले, तर आख्यान अंधारात करावे लागणार. ही म्हण ऐकली की माझ्या डोळ्यांसमोर दशावतारी काला उभा राहतो. जत्रेच्या रात्री देवाची पालखी फिरून झाली, की देवळाच्या पुढ्यात पखवाज आणि पेटी यांचा सूर लागतो. सूत्रधार नमन करतो. गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, भटजी पूजा सांगतो, शारदा येते. आणि मग येतो तो सर्वांचा लाडका संकासूर! काळे अंग, लोंबणारी लाल जीभ आणि तोंडात आमचीच रोजची बोली. तो वेद चोरतो, प्रेक्षकांची थट्टा करतो, पोरांना हसवून हसवून बेजार करतो आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. या साऱ्याला आडदशावतार म्हणतात. मुख्य आख्यान त्याच्यानंतर.

एवढे लांब नमन कशासाठी? त्याला कारण होते. लोक दूरच्या वाड्यांवरून चालत येत. जेवणे आटोपून, दारे ओढून, पोरे खांद्यावर घेऊन येत. सर्व येऊन स्थिरस्थावर होईपर्यंत खेळाने त्यांना धरून ठेवावयाचे, पण जो उशिरा आला त्याचे आख्यान चुकवावयाचे नाही, असा तो हिशेब होता. आज लोक वाहनाने येतात आणि पहाटेपर्यंत बसावयास सर्वांना सवड नसते. म्हणून पुष्कळ मंडळ्या हा पूर्वभाग आटोपशीर करतात, कधी गणपतीच्या नमनावरच भागवितात. यातून शिकावयाचे ते एवढेच, की आरंभाची लांबी ऐकणाऱ्यावर अवलंबून असते. आरंभ लांब असणे हा दोष नाही. कोणी वाट पाहत बसला असता उगाच लांबविणे हा दोष आहे.

हरिदासांचे कीर्तन पाहा. त्याचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात नमन होते, एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण होते. उत्तररंगात त्याच तत्त्वाला धरून आख्यान लागते. पूर्वरंगात भक्तीची थोरवी सांगितली आणि उत्तररंगात भलतीच कथा लावली, असे जाणता बुवा कधी करीत नाही. पूर्वरंग जो शब्द देतो, तो उत्तररंगाने पाळावयाचा असतो. निबंधातही हाच करार आहे.

थोरांच्या ग्रंथांतही हा करार दिसतो. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्या आरंभी गणेशवंदन आहे. परंतु ज्ञानदेवांचा गणेश हा शब्दांचा गणेश आहे. वेद हे त्याचे रूप, स्मृती हे त्याचे अवयव, पुराणे हे त्याचे अलंकार आणि सहा दर्शने हे त्याचे हात. पुढे जो ग्रंथ येणार तो शब्दांच्या आणि ज्ञानाच्या वैभवाचा आहे, हे या नमनानेच सांगून टाकले. येथे तेलाचा एक थेंबही वाया गेलेला नाही.

आपल्या गोव्यातीलच दुसरे उदाहरण घ्या. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि येथेच राहिला. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. परक्या देशातून आलेला माणूस मराठी ओव्यांत पुराण सांगू लागला, तर श्रोत्यांच्या मनात पहिला प्रश्न कोणता उठेल? हे असे का, आणि आमच्या भाषेत का? त्याने हा प्रश्न टाळला नाही. आरंभीच एका श्रोत्याची पुराणाविषयीची विनंती येते, आणि आरंभीच तो मराठी भाषेची इतक्या सुंदर उपमांनी स्तुती करतो, की चार शतकांनंतरही मराठी माणूस ती अभिमानाने सांगतो. ऐकणाऱ्याच्या मनातील पहिली शंका ओळखणे, हीच त्या आरंभाची किल्ली होती.

ज्यांनी वृत्तपत्र हा प्रकारच पाहिला नव्हता, अशा वाचकांपुढे बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ ठेवले. देवगडकडील पोंभुर्ले हे त्यांचे गाव. म्हणजे आमच्याच किनाऱ्यावरचे. त्यांनाही पहिल्याच अंकात आपला हेतू सांगावा लागला. नवे ते सांगताना प्रथम वाचकाचा हात धरावा लागतो.

याउलट, जेथे हात धरण्याचे कारण नाही तेथे सरळ आत शिरावे. दंडीने ‘काव्यादर्शा’त महाकाव्याच्या आरंभाचे तीन मार्ग सांगितले आहेत : आशीर्वाद, नमस्कार किंवा वस्तूचा निर्देश, म्हणजे एकदम विषयालाच हात. कालिदासाचे मेघदूत या तिसऱ्या मार्गाचे. त्याच्या पहिल्याच श्लोकात सांगितले आहे, की कोणी एक यक्ष, आपल्या कामात चुकल्यामुळे, धन्याच्या शापाने, एक वर्षासाठी प्रियेपासून दुरावून रामगिरीवर राहिला. कोण, का, किती काळ, कोठे, हे सारे चार चरणांत! २४ मार्च १९६२ रोजी ‘गोमन्तक’ दैनिक सुरू झाले, तेव्हापासून आपल्या घरांत मराठी वर्तमानपत्र नियमाने वाचले जाते. त्याची कोणतीही चांगली बातमी काढून पाहा. पहिल्या परिच्छेदात काय घडले, कोणाच्या बाबतीत, कोठे, केव्हा आणि का, हे आलेले असते. बातमीदाराला हे नवे वाटत असेल. कालिदासाला ते ठाऊक होते.

आणि आमच्या घरोघरच्या पत्रांना विसरून कसे चालेल? पेडण्याची कित्येक घरे मुंबईच्या पत्रांवर आणि मनिऑर्डरींवर जगली. त्या पत्रांत प्रथम वडीलधाऱ्यांना साष्टांग नमस्कार, लहानांना अनेक उत्तम आशीर्वाद, मग ‘इकडील सर्व क्षेम’. आणि एवढे झाले, की येणार ते तीन शब्द : ‘पत्रास कारण की’. माझी आजी पत्र वाचून घेताना नमस्कार-आशीर्वादाच्या वेळी सुपातील तांदूळ निवडीत असे. ‘पत्रास कारण की’ आले, की तिचे हात थांबत. या तीन शब्दांनी तिला सांगितले होते, की आता आपल्या माणसाच्या जिवाची गोष्ट येणार. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते, की निबंध लिहिण्यापूर्वी मनातल्या मनात ‘निबंधास कारण की’ असे म्हणा आणि त्यापुढे जे वाक्य सुचेल ते पहिले लिहा. कारणच सापडत नसेल, तर अडचण पहिल्या वाक्याची नाही; सांगावयाचे काय, हेच अजून ठरलेले नाही.

आता एका धोक्याविषयी. आजकाल पुष्कळ वाचन हातातील मोबाइलवर होते. तेथे वाचक अंगठ्याच्या एका ओढीने निघून जातो; म्हणून लिहिणारे त्याला पहिल्याच ओळीत पकडू पाहतात. ‘पुढे जे घडले ते वाचून तुम्ही थक्क व्हाल’, अशा मथळ्याखाली आपण जातो आणि थक्क होण्यासारखे तेथे काहीच नसते. ही युक्ती नवी नाही. जत्रेत पूर्वी तंबूबाहेर अक्राळविक्राळ चित्र टांगून आत पोरांना भलतेच काही दाखवीत. पैसे गेल्याचे दुःख होत नसे, फसल्याचे होत असे. संकासूर आपल्याला हसवून बसवून ठेवतो, पण आख्यानात नाही असे काही तो कबूल करीत नाही. लक्ष वेधणे आणि लक्ष चोरणे यांतील अंतर एवढेच आहे. ज्याने एकदा फसविले त्याची दुसरी गोष्ट कोणी वाचीत नाही. लेखकाचे याहून मोठे नुकसान ते कोणते?

तेव्हा व्यवहाराच्या चार गोष्टी सांगते. एक, पहिल्या वाक्यात व्याख्या देऊ नका. ‘पर्यावरण म्हणजे आपल्या सभोवतालची परिस्थिती’ हे तपासणाऱ्याला ठाऊक असते. दुसरी, ‘प्राचीन काळापासून मानव’ अशी सुरुवात करू नका. मानवाला सोडा, आपल्या घरातील एक माणूस घ्या. तिसरी, सुभाषित तोंडपाठ आहे म्हणून ते माथ्यावर लावू नका. ते पुढील मजकुराला खरोखर वाट दाखवीत असेल तरच घ्या. आणि चौथी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : निबंध पुरा लिहून झाल्यावर पहिला परिच्छेद हाताने झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. काही अडले नाही, तर पहिला परिच्छेद खोडून टाका. परीक्षेत एवढा वेळ नसतो हे खरे. म्हणून तर वर्षभर वहीत ही सवय लावावयाची.

या चौथ्या गोष्टीचे एक उदाहरण देऊन थांबते. डिचोली तालुक्यातील लोखंडाच्या खाणी २०१२ साली बंद झाल्या, मग काही काळ चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील निकालानंतर त्या वर्षीच्या मार्चपासून पुन्हा थांबल्या. ‘पर्यावरणाचे रक्षण’ या विषयावर तिकडच्या एका विद्यार्थिनीने निबंध लिहिला. सुरुवातीला व्याख्या, मग वृक्षतोड, मग ओझोनचा थर, सर्व यथासांग. तिसऱ्या पानावर, जणू चुकून, एक वाक्य आले होते : ‘ज्या वर्षी आमच्या दारच्या तुळशीची पाने धुळीवाचून हिरवी दिसली, त्याच वर्षी बाबांचे काम गेले.’

मी तिला जवळ बोलावून ते वाक्य दाखविले आणि हे पहिले का नसावे, असे विचारले. ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, ‘बाई, अशें बरयल्यार चलता?’ तिच्या प्रश्नात व्याकरणाची शंका नव्हती. घरातील ओढगस्तीचे दिवस वहीत यावेत काय, बाबांना ते आवडेल काय, आणि एवढ्या मोठ्या विषयात आपल्या दारच्या तुळशीला जागा आहे काय, हे ती विचारीत होती. मी म्हटले, ‘चालते. पण वाक्य तुझे आहे, घर तुझे आहे. घरी विचार आणि मग ठरव.’ दोन दिवसांनी वही परत आली. व्याख्या गेली होती, ओझोनचा थर गेला होता, आणि तुळस पहिल्या ओळीत आली होती. त्यामागून येणारा निबंधही आपोआप बदलला होता. कारण ज्या वाक्यात धुळीचा जाच आणि धुळीवर चालणारी चूल ही दोन्ही एकत्र आहेत, त्याच्यानंतर ‘खाणी वाईट’ किंवा ‘खाणी चांगल्या’ असे एका फटक्यात म्हणता येत नाही. विचार करावा लागतो. तिने तो केला होता, आणि वाचताना मलाही करावा लागला.

चांगला आरंभ वाचकाला ओढून नेतो, असे म्हणतात ते खरेच आहे. परंतु तो प्रथम लिहिणाऱ्यालाच ओढून नेतो, हे मी त्या वहीत पाहिले. खोट्या वाक्याने सुरुवात केली तर त्याला साजेशी खोटी पाने लिहावी लागतात. खऱ्या वाक्याने केली तर पुढच्या प्रत्येक वाक्याला त्याच्या तोलाचे व्हावे लागते.

विद्यार्थी मित्रहो, यंदा दहावीतून जे बाहेर पडतील त्यांना अर्ज लिहावे लागतील, पत्रे लिहावी लागतील, कोणी बातमी लिहील, कोणी कथा लिहील. प्रत्येक वेळी कोरे पान पुढे येईल आणि पहिली ओळ अडून बसेल. तेव्हा पुस्तके चाळण्यापूर्वी आपल्या अंगणात, आपल्या दारच्या तुळशीपाशी एकदा पाहून या. जे घरी कोंकणीत सांगाल, ते वहीत मराठीत सांगा. सांगणारा मात्र तोच राहू द्या. तेल मोजकेच असते. ते आख्यानासाठी राखून ठेवा.